पशुवैद्यकाच्या मनाला आधार: खानदेशातल्या तालुक्यात काय काय करता येईल

रावेर तालुक्यातल्या चिनावलला ऑगस्ट २०२२ मध्ये त्या वर्षीच्या लंपी त्वचारोगाच्या साथीतली राज्यातली पहिली नोंद झाली आणि पुढचे काही महिने जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पशुवैद्यकांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. सकाळी लसीकरण, दुपारी गाठी आलेल्या जनावरांवर उपचार, संध्याकाळी मेलेल्यांचे पंचनामे, रात्री ऑनलाइन माहिती भरणं. दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार अशी मदत सरकारने जाहीर केली. तिचा कागदही याच लोकांच्या सहीने पुढे सरकायचा. तो अडला की शेतकऱ्याचा राग दवाखान्याच्या दारात यायचा. गाय, बैल, वासरू सगळ्यांची नोंद झाली. त्या काळात झोप उडालेल्या, चिडचिडे झालेल्या, घरात बोलणं बंद केलेल्या माणसांची नोंद कोणी ठेवली नाही.

हा लेख त्यांच्यासाठी आहे: पशुधन विकास अधिकारी, पशुधन पर्यवेक्षक, खासगी प्रॅक्टिस करणारे, १९६२ या फोन नंबरवर येणाऱ्या फिरत्या पथकातले डॉक्टर, मदतनीस आणि चालक, दवाखान्यातले व्रणोपचारक आणि परिचर, आणि या सगळ्यांच्या घरची माणसं. माझं म्हणणं असं आहे की मनाचा आधार कामाच्या व्यवस्थेतच बसवावा लागतो. रात्रीचा फोन कोण घेणार, वाईट केसनंतर डॉक्टरला फोन कोण करणार, औषधांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे राहणार, हे आधीच ठरलेलं असावं. ऐन संकटात हे ठरवायला डोकं थाऱ्यावर नसतं.

हा प्रश्न जगभरच्या पशुवैद्यकांचा आहे. अमेरिकेत १९७९ ते २०१५ या काळातल्या पशुवैद्यकांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांचा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला: सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत पुरुष पशुवैद्यकांमध्ये आत्महत्येचं प्रमाण २.१ पट, तर स्त्रियांमध्ये ३.५ पट. ब्रिटनमध्ये तर पशुवैद्यकांसाठी स्वतंत्र हेल्पलाइन कित्येक वर्षं चालू आहे. आपल्याकडे तशी स्वतंत्र सोय उभी राहण्याची वाट बघत बसायची गरज नाही. तालुक्यातले चार-पाच जण एकत्र आले तरी पुढचं बरंच काही होतं.

पायरी १: ताण नेमका कशाचा, ते कागदावर उतरवा

"कामाचा ताण आहे" एवढ्याने काही हाती लागत नाही. एक वही घ्या आणि आठवडाभर, दिवस संपताना, आज सगळ्यात जास्त काय लागलं ते दोन ओळींत लिहा. आठवड्याने वाचलं की ताणाचे प्रकार वेगळे दिसू लागतात आणि प्रत्येकावरचा उपायही वेगळा निघतो.

काही ताण मेहनतीचा असतो. मे महिन्यात भुसावळ-रावेर पट्ट्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्या उन्हात पत्र्याच्या गोठ्यात अडलेली म्हैस सोडवणं शरीर पिळून काढतं. काही ताण कागदाचा असतो: कानातले बिल्ले, लसीकरणाचं उद्दिष्ट, कृत्रिम रेतनाच्या नोंदी, शेजारच्या दवाखान्याचा अतिरिक्त कार्यभार. काही ताण लोकांचा असतो. शेतकरी आधी गावठी उपाय करतो, मग ओळखीच्याकडून इंजेक्शन देऊन घेतो आणि जनावर आडवं पडलं की डॉक्टरला बोलावतो. त्यानंतर जनावर दगावलं की "डॉक्टरच्या सुईनेच मेलं" ही बातमी डॉक्टर घरी पोचायच्या आत गावभर झालेली असते.

पण सगळ्यात खोल जाणारा ताण वेगळाच आहे आणि त्यावर आपण फार कमी बोलतो. व्यायल्यानंतर बसलेली गाय तीन आठवडे उठलेली नाही. मांडीला आणि खुब्याला जखमा पडल्यात, त्यांत अळ्या झाल्यात, डोळे खोल गेलेत. ती आता उठणार नाही हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. मालक म्हणतो, "राहू द्या साहेब, तिचं आहे तेवढं आयुष्य आहे." त्याची श्रद्धा खरी आहे आणि गाईचे हालही खरे आहेत. तुम्ही एक दिवसाआड जाऊन ड्रेसिंग करता, आणि प्रत्येक वेळी गाडीला किक मारताना छातीत काहीतरी अडकतं. योग्य काय ते कळतं, पण करता येत नाही, यातून मनाला होणारी ही जखम आहे. ती सुट्टी घेऊन भरत नाही.

अशा केसमध्ये मला तीन गोष्टी उपयोगी वाटतात. पहिली, मालकाला एकदा स्पष्ट आणि शांतपणे सांगा: गाय बरी होणार नाही, तिला वेदना आहेत, दयामरण हा माझा सल्ला आहे. दुसरी, हा सल्ला आणि मालकाचा निर्णय दोन्ही केसपेपरवर तारखेनिशी लिहा. लिहिल्यावर निर्णयाचं ओझं ज्याचं आहे त्याच्याकडे जातं. तिसरी, तुमच्या हातात उरतं ते पुरेपूर करा: वेदनाशामक, खाली भुसा किंवा वाळूची गादी, दिवसातून चार-पाच वेळा कूस बदलणं, पाणी तोंडाशी. मालकाला हे शिकवलं की तोही त्यात उतरतो आणि तुम्ही नुसते बघे राहत नाही.

पायरी २: आधी शरीराची तपासणी

सतत थकवा, सांधे आणि कंबर दुखणं, मधूनच ताप, रात्री घाम, कशातच मन न लागणं. हे वाचून कोणीही "डिप्रेशन" म्हणेल. पण पशुवैद्यकाच्या बाबतीत ब्रुसेलोसिसचा, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणाऱ्या जंतुसंसर्गाचा, विचार पहिल्यांदा व्हायला हवा. गाभडलेल्या, म्हणजे गर्भपात झालेल्या गाईचा वार उघड्या हातांनी काढणं, वासरींना ब्रुसेलाची लस देताना सुई स्वतःच्या बोटात जाणं, हे आपल्या कामात होतं. त्या लशीत जिवंत जंतू असतात आणि तेही माणसाला आजारी पाडू शकतात. माणसांच्या डॉक्टरला हे आपणहून सुचेलच असं नाही, म्हणून "मी जनावरांमध्ये काम करतो, ब्रुसेलोसिसची रक्ततपासणी करा" असं तुम्हीच सांगा. रक्त कल्चरला जाणार असेल तर प्रयोगशाळेलाही शंका कळवा, कारण या जंतूपासून तिथल्या कर्मचाऱ्यांना धोका असतो. आजार निघालाच तर दोन प्रतिजैविकं एकत्र, किमान सहा आठवडे घ्यावी लागतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडली की आजार उलटतो.

त्याच वेळी थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन आणि साखरही बघून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नेहमीचंच आहे, आणि त्यानेही माणूस मरगळतो.

तपासण्या ठीक असतील तर पुढे पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी घ्या. मराठीत उपलब्ध आहे आणि मोफत आहे. मागच्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता कशी होती ते विचारते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर डॉक्टरकडे जायचं. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर बेरजेकडे न बघता पायरी ७ वर या.

नुसती कामाची दमछाक असेल तर तिची चिन्हं थोडी वेगळी असतात: अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल आणि लोकांबद्दल तुटकपणा येणं, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. रजेवर गेल्यावर, मुलांत रमल्यावर हे हलकं होतं. रजेतही, सणातही, आवडत्या माणसांतही काही बरं वाटत नसेल तर ते दमछाकीच्या पुढे गेलंय असं धरा.

पायरी ३: जोडीदार ठरवा

या सगळ्यात कमी खर्चाचा आणि सर्वात लवकर सुरू होणारा उपाय हाच. तालुक्यातल्या दोघांनी एकमेकांचे जोडीदार व्हायचं. वरिष्ठ आणि त्याच्या हाताखालचा अशी जोडी नको, कारण गोपनीय अहवाल लिहिणाऱ्यासमोर कोणी मन मोकळं करत नाही. सरकारी आणि खासगी अशी जोडी चांगली जमते. एकमेकांचा धंदा पळवण्याची भीती वाटत असेल तर शेजारच्या तालुक्यातला निवडा. पारोळ्याच्याने एरंडोलचा, तळोद्याच्याने शहाद्याचा.

ठरवायचं एवढंच: आठवड्यातून एक फोन, ठरलेल्या वारी. कोणाची केस बिघडली, जमाव आला, जनावर टेबलावरच दगावलं, तर त्याच दिवशी फोन. आणि फोनवर पहिले प्रश्न केसचे नाहीत. जेवलास का? काल झोप किती झाली? आत्ता गाडी चालवण्याच्या स्थितीत आहेस का? या तीन प्रश्नांना माणूस खोटं उत्तर सहसा देत नाही. "मन कसं आहे" म्हटलं की "मस्त चाललंय" येतं. अहिराणीत बोलणारे असाल तर अहिराणीतच बोला. "भाऊ, काय व्हयनं?" एवढं आपल्या बोलीत विचारलं की प्रमाण मराठीतल्या दहा वाक्यांनी उघडत नाही ते तोंड उघडतं.

ऐकणाऱ्याने उपाय सुचवायची घाई करू नये. "मी असतो तर कॅल्शियम आधी दिलं असतं" हे वाक्य त्या दिवशी गिळून टाका. केसची तांत्रिक चर्चा दोन-चार दिवसांनी, तीही त्याने विचारली तर.

घरच्यांनाही जोडीदाराचा नंबर द्या. बायकोला किंवा नवऱ्याला, आईला. बदल पहिल्यांदा घरात दिसतो: जेवताना ताटाकडे बघत बसणं, मुलांवर विनाकारण ओरडणं, रात्री कॉल नसतानाही अंगणात फेऱ्या मारणं. वहिनींनी कोणाला सांगावं, हे त्यांना आधीच माहीत असलेलं बरं.

पायरी ४: केस हातची गेल्यावर पहिला तास

शिरपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याशी पाड्यावर रात्री कॉल येतो. वासरू अडलंय, मान मागे वळलेली. बॅटरीच्या उजेडात तास-दीड तास झटापट होते. वासरू मेलेलं निघतं आणि थोड्या वेळात गाय गार पडू लागते. घरातली म्हातारी हात जोडून म्हणते, "डॉक्टरभाऊ, मनी गाय वाचाडा." गाय वाचत नाही. त्या घराचं रोजचं दूध गेलं, दुधावर घेतलेलं कर्ज राहिलं, आणि सगळे तुमच्याकडे बघतायत.

इथे घाईने निघून जाऊ नका. हात धुवा, पाणी प्या, आणि मालकाजवळ दोन मिनिटं बसा. काय झालं ते सोप्या शब्दांत सांगा: वासराची मान वळली होती, गाय फार वेळ कळा देत होती, आतून रक्तस्राव झाला. "तुम्ही उशीर केला" हे खरं असलं तरी त्या रात्री म्हणू नका. "मी काहीच करू शकलो नाही" असंही म्हणू नका, कारण दीड तास तुम्ही केलंच. विमा असेल तर शवविच्छेदन आणि दाखल्याचं काय करायचं ते सांगा. पुढचं काम सांगितलं की घराला धरायला काहीतरी मिळतं.

मग गाडीशी येऊन दहा मिनिटं थांबा. अंगावरचे कपडे शक्य असेल तर बदला. रक्ताचा आणि वारेचा वास घेऊन घरी गेलं की ती रात्र संपत नाही. जोडीदाराला फोन करा, रात्र असली तरी. डोळे मिटत असतील तर गाडीवर बसू नका. वीस-पंचवीस मिनिटं पडून घ्या, पाड्यावर कोणीही खाट देतं. झोपेत दुचाकी चालवण्याइतकं धोक्याचं आपल्या कामात फार थोडं आहे.

त्या रात्री दारू नको. हे मी सल्ला म्हणून देत नाही, कळकळीने सांगतोय. कॉलनंतर "एक मारून झोपू" यातून कितीतरी जणांची सवय लागते. दारूने झोप लवकर लागते पण मध्यरात्रीनंतर तुटते, आणि तुटलेल्या झोपेत तीच केस पुन्हा दिसते.

पथकात असाल तर चालक आणि मदतनीसाला विसरू नका. तेही तिथेच उभे होते, पाय धरून ओढत होते. परतीच्या वाटेवर चहा प्या. पण सगळ्यांना बसवून "काय वाटलं ते एकेकाने सविस्तर सांगा" अशी सक्ती करू नका. घटनेनंतर लगेच जबरदस्तीने बोलायला लावण्याने फायदा होत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलंय. तिचं मार्गदर्शन सोपं आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. कोण हादरलंय ते पाहा, बोलला तर ऐका, आणि पुढच्या मदतीशी जोडून द्या.

पायरी ५: साथीच्या दिवसांची वेगळी आखणी

देशातली बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला झाली, आणि २०२१ मध्ये तिथे पुन्हा साथ आली. जीव वाचवायचं शिक्षण घेतलेल्या माणसांना तिथे दिवसभर कोंबड्या मारून पुरायचं काम करावं लागलं, तेही अंगभर संरक्षक कपडे घालून. पोल्ट्रीवाल्याचा सगळा संसार समोर खड्ड्यात जात असतो आणि तो माणूस बाजूला उभा असतो.

अशा कामावर पथक पाठवताना अधिकाऱ्यांनी काही गोष्टी लेखी ठरवाव्यात. प्रत्यक्ष मारण्याचं काम एकाच माणसाला सलग अनेक दिवस नको. एक दिवस शेडमध्ये, दुसरा दिवस नोंदी किंवा निर्जंतुकीकरण अशी पाळी लावा. जाण्यापूर्वी तिथे काय दिसेल ते स्पष्ट सांगा, विशेषतः नव्याने रुजू झालेल्यांना. कोणी एखाद्या कामाला नाही म्हणाला तर कारण विचारून चारचौघांत लाजवू नका. जेवण, पाणी, मुक्कामाची जागा आणि घरी फोन करायची वेळ नक्की हवी. साथ संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी प्रत्येकाला एकट्यात विचारा की झोप कशी आहे. गर्दी ओसरल्यावरच मन हिशोब मांडायला बसतं, आणि नेमक्या त्याच वेळी सगळे आपापल्या ठिकाणी एकटे असतात.

आढावा बैठकीत उद्दिष्टांपलीकडे काही बोललं जात नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तिथे हा विषय रेटण्यापेक्षा आपण एरवीही जिथे जमतो ती ठिकाणं वापरा. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजारासाठी ड्युटी लागते. संध्याकाळी तापीकाठी बसून जितकं बोलणं होतं तितकं सभागृहात वर्षभरात होत नाही.

पायरी ६: रात्र, फोन, पैसे

इथे थोडक्यात, कारण हे प्रत्येकाला आपल्या गावाप्रमाणे बसवावं लागेल.

तालुक्यातले सरकारी आणि खासगी मिळून रात्रीची पाळी लावा, आणि ती दूध संस्थेच्या फलकावर, ग्रामपंचायतीत, गावाच्या व्हॉट्सॲप गटात टाका. सुरुवातीला लोक तरीही ओळखीच्यालाच फोन करतील. तीन-चार महिने चिकाटी ठेवली की सवय लागते. सणांचं आधीच बोलून ठेवा. पोळ्याला पुरणपोळ्या आणि धान्य जास्त खाऊन बैलांची पोटं बिघडतात, त्या रात्री दोघं लागतातच. कानबाई ज्यांच्या घरी बसते त्यांना तो दिवस मोकळा द्या.

फोनसाठी दोन नंबर असावेत, कामाचा आणि घरचा. पाळी नसेल तेव्हा कामाचा नंबर पाळीवाल्याकडे वळवा. खासगी डॉक्टरांनी फीचा फलक लावावा आणि उधारीची मर्यादा ठरवावी. वसूल न झालेली उधारी हे झोप उडण्याचं मोठं कारण आहे आणि त्याबद्दल बोलायला लाज वाटते.

महिला पशुवैद्यकांना यापेक्षा जास्त सोसावं लागतं. गोठ्यात गेल्यावर "साहेब नाही आले का?" हा प्रश्न, अनेक दवाखान्यांत धड स्वच्छतागृह नसणं, रात्री अनोळखी वस्तीवर एकटीने जाणं. रात्रीच्या कॉलला सोबत परिचर किंवा चालक, मालकाच्या घरातली एखादी बाई हजर असणं, जाताना जोडीदाराला लोकेशन पाठवणं, हे नियम म्हणूनच ठरवून टाका. मॅडमनी दरवेळी मागावं लागू नये. गरोदरपणात ब्रुसेलाची लस आणि गाभडलेल्या जनावरांचं काम दुसऱ्याकडे द्या.

जमाव अंगावर आला तर वाद न घालता बाहेर पडा. सरकारी कर्मचाऱ्याला कामात अडथळा आणण्यासाठी मारहाण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली गुन्हा आहे. तक्रार द्यायला एकट्याला पाठवू नका. संघटनेचे दोघं-तिघं बरोबर गेले की पोलीस ठाण्यातही वागणूक बदलते आणि त्या माणसालाही आपण एकटे नाही हे दिसतं.

पायरी ७: उपचार घेणं, आणि जीव नकोसा झाला तर

पहिला दरवाजा फोनचा. टेलिमानस, नंबर १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतात, गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात नेमणूक असलेल्याला नंदुरबार गाठण्यात दिवस जातो, त्याच्यासाठी तर हे मोठंच साधन आहे. शेतकऱ्याच्या घरातही कोणी खचलेलं दिसलं तर हाच नंबर लिहून द्या.

प्रत्यक्ष भेटायचं तर धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहेत. नंदुरबारला जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी करा. ओळखीचं कोणी बघेल याचा संकोच वाटत असेल तर शेजारच्या जिल्ह्यात जा. अमळनेरच्याला धुळं जवळच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुमच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. उपचार घेतल्याने नोंदणी जाईल ही भीती मनात धरू नका. आजारावर औषध घेणं हे व्यवसायातलं गैरवर्तन नाही. सरकारी नोकरीत वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजा घेता येते.

पशुवैद्यकांचा एक खास धोका म्हणजे औषधशास्त्र येतं. स्वतःच निदान, स्वतःच डोस. हे करू नका. दवाखान्याच्या फडताळातलं काहीही स्वतःसाठी वापरायचं नाही, आणि ओळखीच्या मेडिकलवरून झोपेच्या गोळ्याही आणायच्या नाहीत. त्यांची सवय लागते. नैराश्यावरच्या गोळ्या वेगळ्या असतात. त्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पहिल्या दिवसांत मळमळ किंवा अस्वस्थता वाटू शकते, आणि त्या अचानक बंद करायच्या नसतात. आपण पशुपालकाला "कोर्स पूर्ण करा" म्हणून सांगतो तेच इथेही लागू.

आता जीव देण्याच्या विचारांबद्दल. सहकारी म्हणू लागला की "आता काही उरलं नाही", "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास", अचानक वस्तू वाटू लागला, हिशेब मिटवू लागला, किंवा फार दिवसांच्या बेचैनीनंतर एकदम शांत झाला, तर त्याला सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही. उलट कोणीतरी शब्द उच्चारला म्हणून माणसाला सुटल्यासारखं होतं. उत्तर हो आलं तर उपदेश नको, "मुलांचा विचार कर" नको, शपथा नकोत. जवळ बसा. कसं करायचं ते ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, तेही विचारा.

मग त्याला एकटं सोडायचं नाही. कपाटाची किल्ली, बॅगेतली भुलीची औषधं, शेतातली फवारणीची औषधं त्याच्यापासून दूर न्या. घरच्या एका माणसाला सांगा. गुप्ततेचं वचन या एका बाबतीत द्यायचं नाही. १४४१६ लावा, आणि धोका आत्ताचा असेल तर १०८ किंवा सरळ जवळचं रुग्णालय. पोलीस केसच्या भीतीने घरचे लपवतात, म्हणून हे सांगून ठेवा: २०१७ च्या कायद्याने अशा माणसाला तीव्र तणावाखाली असलेला मानून सरकारवर त्याच्या काळजीची जबाबदारी टाकली आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं ३०९ कलम राहिलेलं नाही.

भुलीच्या आणि दयामरणाच्या औषधांसाठी प्रत्येक दवाखान्यात नियम करा: कुलूपबंद कपाट, दोन सह्यांची नोंदवही, आणि दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे. बॅगेत त्या दिवसापुरतंच. अडचणीची वेळ बऱ्याचदा काही तासांत ओसरते. तेवढे तास साधन हाताशी नसलं तर माणूस वाचतो. हा नियम सगळ्यांना लागू ठेवला की कोणा एकावर संशय घेतल्यासारखं होत नाही.

पायरी ८: रजेवरून परत येणारा सहकारी

उपचार घेऊन माणूस परत येतो तेव्हा दवाखान्यात दोन टोकं दिसतात. एकतर कोणी काहीच बोलत नाही, नाहीतर प्रत्येक जण सल्ला देतो. रुजू होण्याच्या आदल्या दिवशी जोडीदाराने फोन करून विचारावं की लोकांना काय सांगायचं. "तब्येत बरी नव्हती" एवढंच सांगायचं असेल तर सगळ्यांनी तेवढंच सांगावं.

पहिले दोन-तीन आठवडे रात्रपाळी नको, शवविच्छेदन नको, तक्रारीची चौकशी त्याच्या गळ्यात नको. पण रिकामंही बसवू नका. सकाळची ओपीडी, गाभण तपासणी, वासरांचं लसीकरण अशी हाताला जमणारी, दिवसाअखेर पूर्ण होणारी कामं द्या. औषधांमुळे सकाळी सुस्ती असेल तर दुचाकीवर एकट्याला लांब पाठवू नका. पाठपुराव्याच्या तारखेला सुट्टी मागावी लागू नये, ती हजेरीपटावर आधीच लावून ठेवा. आणि त्याच्या रजेत साठलेली ऑनलाइन नोंदणी दोघांनी बसून आधीच उरकून टाका. संगणक उघडल्यावर पहिल्याच दिवशी लाल रंगात थकलेली कामं दिसली तर महिनाभराच्या उपचारावर पाणी पडतं.